कोकणातला जुना पाऊस कसा शोधतात: तळ्यांचा गाळ आणि खाडीचा चिखल

मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ साली सुरू झाली आणि भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ साली झाली. म्हणजे कोकणातल्या पावसाचे पद्धतशीर आकडे आपल्याकडे फार तर दोनशे वर्षांचे आहेत आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या अनेक गावांच्या बाबतीत तर त्याहूनही बरेच कमी काळाचे आहेत. ‘पूर्वीसारखा पाऊस राहिला नाही’ असे कोकणात प्रत्येक पिढी म्हणत आली आहे. परंतु पूर्वीचा म्हणजे आजोबांच्या वेळचा, पेशवाईतला, की या किनाऱ्यावर भातशेती सुरू होण्याच्याही आधीचा, हे ठरवल्याशिवाय त्या म्हणण्याची पारख करता येत नाही. मोसमी पाऊस हजारो वर्षांच्या अवधीत कितीतरी वाढला आणि घटला आहे. अलीकडे पडणारी ढगफुटी किंवा ऐन जुलैत पंधरा-पंधरा दिवस पडणारी उघडीप नेहमीच्या चढउतारात बसते की त्याबाहेरची आहे, हे सांगायला दीडशे वर्षांची नोंद तोकडी पडते. लांबची नोंद मिळते ती मुख्यतः चिखलात. ती कशी वाचतात आणि कोकणात ती वाचताना लोणारपेक्षा किंवा राजस्थानपेक्षा वेगळी दृष्टी का ठेवावी लागते, हे या लेखात मांडायचे आहे.

तळ्याच्या तळाशी दरवर्षी काही ना काही साचत असते. पावसाचे पाणी डोंगरउतारावरची माती, कुजलेला पाला आणि जळलेल्या झाडोऱ्याचे कण घेऊन येते. वाऱ्याने परागकण येऊन पडतात. पाण्यातच जगणारी सूक्ष्म शैवले, गोगलगायी आणि शिंपले मरून तळाला जातात. तळाशी पाणी स्थिर असेल आणि तिथे ऑक्सिजन पोचत नसेल, तर हे सारे कुजून नाहीसे न होता थरावर थर चढत राहते. साचण्याचा वेग तळ्यागणिक बदलतो. तो वर्षाला एक मिलिमीटर धरला, तर एक मीटर चिखलात हजार वर्षे सामावतात आणि एका सेंटिमीटरच्या चकतीत दहा वर्षांचा सरमिसळ हिशेब असतो. जपानमधल्या सुइगेत्सु सरोवरात वर्षागणिक वेगळा ओळखू येणारा थर पडतो, त्यामुळे तिथे वर्षे अक्षरशः मोजता येतात. आपल्याकडे असे भाग्य क्वचितच लाभते. बहुतेक ठिकाणी दशकांच्या आणि शतकांच्या भाषेत बोलावे लागते, आणि त्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

आता पाण्याच्या पातळीकडे वळू. सरोवरे दोन प्रकारची असतात: ज्यांना पाणी बाहेर जायला वाट असते ती, आणि ज्यांना ती नसते ती. दुसऱ्या प्रकारच्या सरोवरात आलेले पाणी केवळ बाष्पीभवनाने कमी होऊ शकते. त्यामुळे पाऊस वाढला की पातळी चढते, पाण्याचा पसारा वाढतो, पसारा वाढला म्हणून बाष्पीभवनही वाढते, आणि जमा-खर्चाचा मेळ बसेल त्या उंचीवर पातळी स्थिरावते. असे सरोवर म्हणजे आसपासच्या साऱ्या पाणलोटाचा पर्जन्यमापकच होय. अमेरिकेतल्या ग्रेट सॉल्ट लेकच्या भोवतालच्या डोंगरांवर जुन्या काठांच्या पायऱ्या आजही दिसतात. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या भूवैज्ञानिकाने १८९० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्या पायऱ्यांवरून सिद्ध केले की तिथे एके काळी आजच्या पातळीपेक्षा सुमारे ३०० मीटर उंच पाणी होते; त्या लुप्त सरोवराला बॉनव्हिल हे नाव मिळाले. डोंगरावर लाटांनी कोरलेली अशी रेघ म्हणजे जुन्या हवामानाचा सर्वांत उघड पुरावा होय, कारण तो नुसत्या डोळ्यांनी पाहता येतो.

काठ पुसले गेले असतील तर तळाच्या गाळाकडे जावे लागते. पाणी खोल असताना सरोवराच्या मध्यभागी फक्त बारीक चिकण कण पोचतात. पाणी उतरले की काठ आत सरकतो आणि त्याच जागी जाडी रेव पडू लागते. पाणी आटू लागले की त्यात विरघळलेले क्षार खनिजांच्या रूपाने खाली बसतात. तिसरी खूण ऑक्सिजनची आहे, आणि तीच सर्वांत नाजूक व सर्वांत उपयोगी आहे. पाण्यातल्या ऑक्सिजनचे अणू सगळे सारख्या वजनाचे नसतात. बहुतेक १६ वजनाचे आणि अगदी थोडे १८ वजनाचे असतात. हलका अणू असलेले पाणी लवकर वाफ होते आणि जड मागे राहते. मिठागराच्या कोंडीत उन्हाने पाणी आटत जाते तसतसे मागे राहिलेले पाणी अधिकाधिक खारट होत जाते, त्याच रीतीने आटत्या सरोवरात जड ऑक्सिजनचे प्रमाण वाढत जाते. त्या पाण्यात राहणारी गोगलगाय आपले कवच त्याच ऑक्सिजनपासून बनवते. तिचे कवच गाळात सापडले आणि त्यातले दोन अणूंचे प्रमाण मोजले, की ती जिवंत असताना पाणी भरलेले होते की ओसरलेले, हे कळते.

महाराष्ट्रातले अशा बंदिस्त सरोवराचे उत्तम उदाहरण म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातले लोणार. उल्कापाताने बसॉल्टमध्ये पडलेल्या या सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवराला बाहेर जाणारा ओहोळ नाही. झऱ्यांचे आणि पावसाचे पाणी आत येते आणि उन्हाने उडून जाते. त्याच्या तळातून काढलेल्या सुमारे १० मीटर लांबीच्या गाभ्याचा, म्हणजे नळी दाबून थर न मोडता वर काढलेल्या गाळाच्या उभ्या दांड्याचा, अभ्यास जर्मनीतल्या आणि भारतातल्या संशोधकांनी केला आणि २०१४ साली प्रसिद्ध केला. या गाळात गेल्या सुमारे ११,००० वर्षांचा इतिहास आहे. त्यात दोन ठिकाणी गेल्युसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक आढळले. सोडियम आणि कॅल्शियमचे हे कार्बोनेट पाणी फार आटून क्षार दाट झाल्याशिवाय बनत नाही. त्यावरून संशोधकांनी दोन प्रदीर्घ कोरडे कालखंड ओळखले, एक सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा आणि दुसरा सुमारे २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. इथे ‘कोरडा’ म्हणजे दरवर्षी दुष्काळ असा अर्थ घेऊ नये. शतकानुशतके जमेपेक्षा खर्च जास्त राहिला, एवढेच ते स्फटिक सांगतात.

दोन सरोवरांची साक्ष जुळत नाही तेव्हा काय करायचे, हा प्रश्न या शास्त्रात वारंवार येतो आणि माझ्या मते खरे शिकण्यासारखे तिथेच असते. राजस्थानातल्या लुणकरणसर येथील सरोवर हडप्पा संस्कृतीची मोठी शहरे भरभराटीला येण्याच्या आधीच आटले होते, असे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून पुढे आले. हरियाणातल्या कोटला दहर या जुन्या सरोवरातल्या गोगलगायींच्या कवचांवरून मात्र मोसमी पाऊस सुमारे ४,१०० वर्षांपूर्वी एकाएकी कमजोर झाला असे २०१४ साली दाखवण्यात आले. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात. वाळवंटाच्या कडेवरचे उथळ सरोवर पाऊस थोडा कमी होताच कोरडे पडते आणि एकदा कोरडे पडले की त्याची नोंदच थांबते. त्यानंतर पाऊस आणखी कमी झाला तरी ते सांगू शकत नाही. जास्त पावसाच्या प्रदेशातले सरोवर पुढचा धक्का टिपायला शिल्लक राहते. म्हणून कोणत्याही सरोवराची साक्ष घेताना ते किती पावसाला प्रतिसाद देऊ शकते, हे आधी विचारावे लागते.

हाच प्रश्न कोकणाला लावून पाहिला की अडचण लगेच लक्षात येते. इथे वर्षाला अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत पडतो. इतक्या पावसात बंदिस्त सरोवर टिकूच शकत नाही. ते भरते, ओसंडते आणि ओसंडणारे पाणी स्वतःसाठी वाट कोरून घेते. कोकणातली मोठी तळी बहुधा माणसाने बांध घालून अडवलेली आहेत. मालवण तालुक्यातले धामापूरचे तळे याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. इ.स. १५३० मध्ये विजयनगरच्या मांडलिक नागेश देसाई यांनी ते बांधल्याचे सांगितले जाते, आणि २०२० साली त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. असे तळे जुलैत भरले की वरचे पाणी सांडव्यावरून निघून जाते. त्या वर्षी अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडला की चार हजार, याची पातळीत काहीच खूण राहत नाही. म्हणजे कोकणातल्या तळ्याची पातळी पावसाबद्दल जवळजवळ मुकी असते.

सड्यावरच्या तळ्यांची अडचण वेगळी आहे. जांभ्याच्या कातळावरच्या खळग्यांत पावसाळ्यात पाणी साचते आणि डिसेंबर-जानेवारीपर्यंत ते आटून जाते. गाळ दरवर्षी उघडा पडून तडकतो, त्यात हवा शिरते आणि परागकण व शैवलांचे अवशेष नष्ट होऊ लागतात. शिवाय हा गाळ पातळ असतो, आणि वाऱ्याने व गुरांच्या खुरांनी तो विस्कटतो. घाटमाथ्यावर मात्र कधीकधी नशीब साथ देते. साताऱ्याजवळच्या कास पठारावरील हंगामी तळ्याच्या गाळाचा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी अभ्यास केला असून तो गाळ ८,००० वर्षांहून मागे जातो. कोकणपट्टीला लागून असलेली ही नोंद महत्त्वाची आहे, तरीही ती घाटावरची आहे, किनाऱ्यावरची नाही.

मग किनाऱ्यावर पाहायचे कुठे? खाड्यांत. कोकणातल्या खाड्या म्हणजे समुद्राने बुडवलेल्या नद्यांची खोरी आहेत. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, जगातले प्रचंड पाणी बर्फाच्या रूपात जमिनीवर अडकले होते आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. तेव्हा आज जिथे ट्रॉलर मासेमारी करतात त्यातला मोठा भाग कोरडी जमीन होती, आणि वाशिष्ठी, सावित्री, शास्त्री यांसारख्या नद्या आजच्या मुखापासून पुष्कळ पुढे पश्चिमेकडे वाहत जाऊन समुद्राला मिळत होत्या. बर्फ वितळत गेला तसा समुद्र वर चढला आणि सुमारे ७,००० वर्षांपूर्वी आजच्या पातळीच्या जवळपास येऊन पोचला. त्यानंतरचे चढउतार काही मीटरांच्या आतले आहेत. या चढणीचा एक ठळक पुरावा मुंबईतच सापडला. १८७० च्या दशकात प्रिन्सेस डॉक खणताना भरतीच्या पातळीच्या बरेच खाली, चिखलाच्या थराखाली, जमिनीत मुळे रोवून उभे असलेले झाडांचे बुंधे निघाले. त्यांत खैराची झाडे होती. खैर काही खाऱ्या चिखलात वाढत नाही. म्हणजे ती जागा एके काळी कोरडे रान होती. मुंबई परिसरात जमीनही थोडी खचली असावी, असे अनेकांचे मत आहे, त्यामुळे तिथल्या खोलीवरून सरळ समुद्राची पातळी काढणे जोखमीचे ठरते.

बुडालेल्या खोऱ्यांत त्यानंतर हजारो वर्षे चिखल साचत आला. या चिखलात नोंद करणारे दोघे आहेत, समुद्र आणि पाऊस, आणि दोघांच्या खुणा एकाच थरात मिसळलेल्या असतात. मे महिन्यात खाडीचे खारे पाणी भरतीबरोबर कितीतरी किलोमीटर आत जाते; चिपळूणजवळ गोवळकोटपर्यंत किंवा सावित्रीतून महाडच्या दिशेने भरती पोचते, हे तिथल्या लोकांना नव्याने सांगायला नको. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र नदीचे लाल पाणी त्याच खाऱ्या पाण्याला मुखाकडे लोटून देते. खारे आणि गोडे पाणी जिथे भेटते ती सीमा वर्षभर अशी पुढेमागे होत असते. शतकभर पाऊस चांगला राहिला, तर ती सरासरीने मुखाकडे सरकते. पाऊस घटला तर आत येते. म्हणूनच कोकणात जुन्या पावसाचा माग पाण्याच्या पातळीतून न काढता पाण्याच्या खारटपणातून काढावा लागतो. या विषयाचा गाभा हाच आहे असे मी मानतो, आणि पुढचे सगळे त्यावरच उभे आहे.

खारटपणा ओळखायचा कसा, हे एका गाभ्याच्या आधारे पाहू. ओहोटीच्या वेळी कांदळवनाच्या कडेला पाच-सात सेंटिमीटर व्यासाचा पाइप चिखलात सरळ दाबून, हवा बंद करून वर काढतात. खोल जायचे असेल तर अर्धगोल पाते असलेली नळी वापरतात, जी ठरावीक खोलीवर फिरवली की तेवढाच चिखल आत बंद होतो. प्रयोगशाळेत पाइप उभा चिरून तारेने चिखलाचे दोन भाग करतात. ताजा काप काळपट करडा असतो आणि त्याला कुजलेल्या अंड्याचा उग्र वास येतो, कारण ऑक्सिजन नसताना जिवाणूंनी गंधकाचे वायू आणि लोहाची काळी संयुगे तयार केलेली असतात. हवा लागली की काही तासांतच हा काळा रंग तपकिरी होऊ लागतो, त्यामुळे छायाचित्र आणि रंगाची नोंद आधी करावी लागते. कापात तिसरीची शिंप, कांदळाच्या पानाचा अर्धवट कुजलेला तुकडा, एखादी वाळूची पातळ रेघ आणि खेकड्याच्या बिळात वरून घसरलेला वेगळ्या रंगाचा चिखल दिसतो. ते बीळ वेळीच ओळखले नाही, तर वरच्या थरातला माल खालच्या थराच्या नावावर जमा होतो. निवट्या हे चिखलात राहणारे मासे आणि कुर्ल्या म्हणजे खेकडे यांची वस्ती दाट असलेला चिखल म्हणूनच टाळावा लागतो.

यानंतर एकेक सेंटिमीटरची चकती कापून तिच्यातला थोडा चिखल आम्लाने आणि हायड्रोजन पेरॉक्साइडने स्वच्छ करतात. उरतात ती डायाटम नावाच्या एकपेशीय शैवलांची काचेसारखी सिलिकाची कवचे. ती मिलिमीटरच्या शंभराव्या भागापासून पाव मिलिमीटरपर्यंत आकाराची असतात आणि प्रत्येक जातीची नक्षी वेगळी असते. कॉसिनोडिस्कससारखी गोल, षट्कोनी जाळीची कवचे प्रामुख्याने समुद्रातली. युनोशिया आणि पिन्युलेरिया या लांबट जाती बहुतांशी गोड्या, किंचित आम्लधर्मी पाण्यातल्या. आणि मधल्या निमखाऱ्या पाण्यातल्या जाती वेगळ्या. एका चकतीतली तीन-चारशे कवचे मोजून त्यांचे प्रमाण काढतात. डायाटमचे आयुष्य थोड्या दिवसांचे असते. त्यामुळे दहा वर्षांच्या चकतीत मे महिन्यातली खारी आणि ऑगस्टमधली गोडी अशी दोन्ही पिढ्यांची कवचे एकत्र असतात, आणि आपण मोजतो तो दोन ऋतूंमधला तोल. भरती समुद्रातली कवचेही आत वाहून आणते, म्हणून किती अखंड आहेत आणि किती तुटलेली आहेत हेही टिपतात. तिथेच जगलेली कवचे सहसा कमी तुटतात.

डायाटमच्या जोडीला फोरामिनिफेरा हे सूक्ष्म सागरी जीव पाहतात. त्यांतला अमोनिया हा प्रकार निमखाऱ्या पाण्यातही तग धरतो. कांदळवनाचा चिखल आम्लधर्मी असेल तर त्यांची चुन्याची कवचे विरघळून जातात आणि वाळूचे कण जोडून घर करणाऱ्या प्रकारांचीच कवचे उरतात. अशा वेळी ‘इथे फोरामिनिफेरा नव्हते, म्हणजे पाणी गोडे होते’ असा निष्कर्ष काढणे चूक ठरते. चिखलातल्या कार्बनचाही असाच उपयोग होतो. शैवलांत कार्बनच्या मानाने नायट्रोजन बराच असतो, जमिनीवरच्या झाडापेडांत तो कमी असतो. त्यामुळे कार्बन-नायट्रोजनचे गुणोत्तर दहाच्या खाली असेल तर माल मुख्यतः पाण्यातला आणि वीसच्या वर असेल तर रानातून वाहून आलेला, असे साधारण मानतात.

परागकणांचे शास्त्र स्वीडनच्या लेनार्ट फॉन पोस्ट यांनी १९१६ साली मांडले. परागकणाचे बाहेरचे आवरण इतके चिवट असते की हवा न लागलेल्या चिखलात ते हजारो वर्षे टिकते. कोकणातल्या खाडीत कांदळाचे परागकण भरपूर सापडतात, तिवराचे मात्र झाडांच्या मानाने फारच कमी सापडतात, कारण तिवराचे परागण कीटक करतात. त्यामुळे परागकणांच्या संख्येवरून झाडांची संख्या सरळ मांडता येत नाही. चिपी, कांदळ आणि तिवर या खारफुटीच्या झाडांचे प्रमाण बदलले तर भरतीची पोच किंवा खारटपणा बदलल्याची शंका येते. किनाऱ्यापासून दूर वाढणाऱ्या पानझडी आणि सदाहरित झाडांचे परागकण वाढले, तर नदीने डोंगरातून जास्त माल आणला असे म्हणता येते. काजूचा परागकण सापडला तर तो थर पोर्तुगिजांच्या नंतरचा, म्हणजे सोळाव्या शतकानंतरचा असला पाहिजे. सुरूचा सापडला तर तो एकोणिसाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर सुरूची लागवड होऊ लागल्यानंतरचा. सुरूचे परागकण वाऱ्याने दूरवर पसरतात, म्हणून ही खूण विशेष उपयोगी आहे. तोच परागकण दोन मीटर खोलीवर, तीन हजार वर्षे जुन्या म्हणवल्या जाणाऱ्या थरात मिळाला, तर तो गाभा कुठेतरी ढवळला गेला आहे हे मान्य करून बाजूला ठेवावा लागतो.

खारटपणा बदलला हे कळल्यावरही तो कोणामुळे बदलला, हा प्रश्न उरतोच. समुद्र अर्धा मीटर चढला तरी खारे पाणी आत येते आणि पाऊस घटला तरी येते. खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा वाढून मुख अरुंद झाले तर उलटे घडते. शेतकऱ्यांनी खारबांध घालून खाजणे, म्हणजे भरतीचे पाणी शिरणाऱ्या खाडीकाठच्या जमिनी, अडवली तर त्यामागचे पाणी काही वर्षांतच गोडे होते, आणि तिथल्या गाळात जणू पाऊस अचानक वाढल्यासारखे चित्र उमटते. यातून मार्ग काढायचा तर एका गाभ्यावर विसंबून चालत नाही. मुखापासून गोड्या पाण्यापर्यंत ओळीने गाभे काढावे लागतात आणि मग शेजारच्या दोन-तीन खाड्यांत तेच करावे लागते. वाळूचा दांडा एकाच खाडीचा असतो, बांध एकाच गावचा असतो, समुद्राची पातळी साऱ्या किनाऱ्याची असते. पावसाचा बदल खाड्यांबरोबर घाटमाथ्यावरच्या तळ्यांतही दिसला पाहिजे, आणि तिथे समुद्राचा काहीच संबंध नसतो. म्हणून कासच्या गाळासारखी नोंद किनाऱ्याच्या अभ्यासाला इतकी मोलाची आहे. तुलना करताना भरतीचेही भान ठेवावे लागते: मुंबईला उधाणाच्या भरती-ओहोटीत पाच मीटरच्या आसपास फरक पडतो, मालवणकडे तो त्याच्या निम्म्याच्या जवळपास असतो, त्यामुळे दोन्हीकडे एकाच खोलीवरचा चिखल एकच गोष्ट सांगत नाही.

वय ठरवण्यासाठी मुख्य आधार किरणोत्सर्गी कार्बनचा. जिवंत असताना पानात शिरलेला कार्बन-१४ मेल्यानंतर घटत जातो आणि ५,७३० वर्षांत निम्मा होतो; सुमारे ५०,००० वर्षांपर्यंत त्याचा उपयोग करता येतो. यात कशाचे वय काढले याला फार महत्त्व आहे. समुद्रातल्या शिंपल्याने समुद्राच्या पाण्यातला जुना कार्बन घेतलेला असतो, म्हणून तो खऱ्या वयापेक्षा काही शतके जुना दिसतो. उलट कांदळाचे मूळ वरून खालच्या जुन्या थरात घुसलेले असते, म्हणून ते थरापेक्षा तरुण असते. सर्वांत भरवशाचे म्हणजे पान, बी किंवा काटकी. वरच्या अर्ध्या मीटरसाठी शिसे-२१० वापरतात. ते सुमारे २२ वर्षांत निम्मे होते आणि गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा हिशेब देते. सीझियम-१३७ हे अणुचाचण्यांतून जगभर पसरले आणि १९६३ च्या सुमारास त्याचे प्रमाण शिगेला पोचले, त्यामुळे ते ज्या थरात सर्वाधिक सापडते त्याचे वर्ष जवळजवळ नेमके सांगता येते.

कोकणात आणखी एक सावधगिरी लागते. गाळात अचानक जाडी रेव आणि लाल, लोहयुक्त माती वाढली, त्यातल्या लोहकणांमुळे गाळाचे चुंबकीय मोजमापही वाढले, तर मुसळधार पावसाने जांभ्याचा उतार धुपला असे वाटणे साहजिक आहे. परंतु डोंगर तोडून, जाळून फिरती शेती केली, जहाजांसाठी आणि घरांसाठी सागवान तोडले, तरी तेच घडते. कोळशाचे सूक्ष्म कण आणि शेतीच्या तणांचे परागकण त्याच थरात सोबत असतील तर माणसाचा हात मानावा. नसतील तर पावसाचा विचार करावा.

पश्चिम भारताच्या गाळांतून आणि गुहांमधल्या चुनखडीच्या स्तंभांतून जे ढोबळ चित्र उभे राहते ते असे. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जुलैच्या सुमारास येत असे. आज ती जानेवारीच्या आरंभी येते. त्या काळी उत्तर गोलार्धाला उन्हाळ्यात जास्त ऊन मिळे, जमीन अधिक तापे आणि मोसमी वारे आजच्यापेक्षा जोरदार असत. पुढे पृथ्वीच्या अक्षाची दिशा संथपणे फिरत गेली तसा पाऊस टप्प्याटप्प्याने उतरला. सुमारे ४,२०० वर्षांपूर्वीची घट इतकी ठळक आहे की मेघालयातल्या मॉमलूह गुहेतल्या स्तंभाच्या आधारे २०१८ साली भूशास्त्रीय कालगणनेत त्या वेळेपासून ‘मेघालयन’ हा कालविभाग मान्य झाला. ही घट कोकणात किती खोल होती, हे खाड्यांच्या गाभ्यांतूनच ठरवायचे आहे. तीन हजार मिलिमीटरच्या प्रदेशात पाऊस एक-चतुर्थांशाने घटला तरी रान हिरवेच राहते, आणि परागकणांत फारसा फरक उमटत नाही. खाडीतली सीमा मात्र आत सरकते.

लोणारच्या दुसऱ्या कोरड्या कालखंडाचा शेवट आणि परंपरेने इ.स. १३९६ पासून सांगितला जाणारा दुर्गादेवीचा दुष्काळ यांची वर्षे जवळ येतात, म्हणून त्यांची सांगड घालण्याचा मोह होतो. तो आवरावा. गाळाच्या वयात पन्नास-शंभर वर्षे इकडेतिकडे असतात आणि एक दुष्काळ, मग तो बारा वर्षांचा का असेना, एकदोन सेंटिमीटरमध्ये विरून जातो. कागदपत्रांतला दुष्काळ आणि गाळातला कोरडेपणा ही दोन वेगळ्या मापांची मोजमापे आहेत.

या कामात सध्या एक घाईची बाब आहे. राज्यात २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना राबवली जाते, आणि त्याशिवायही गावोगावी तळ्यांतला गाळ काढण्याची कामे चालतात. पाण्यासाठी आणि शेतीसाठी ती आवश्यकच आहेत. परंतु धामापूरइतक्या जुन्या तळ्यात साचलेला गाळ म्हणजे जवळजवळ पाचशे वर्षांच्या मातीची, शेतीची आणि रानाची नोंद असू शकते, आणि यंत्राने एकदा तो उपसून शेतात पसरला की ती नोंद परत मिळवता येत नाही. त्यासाठी काम थांबवण्याची गरज नाही. यंत्र उतरण्यापूर्वी तळ्याच्या सर्वांत खोल भागातून, काठापासून आणि येणाऱ्या ओढ्याच्या मुखापासून दूर, चिखलात दोन-तीन पाइप सरळ दाबून गाभे काढून ठेवावेत. पाइपवर वरची आणि खालची बाजू पुसणार नाही अशा शाईने लिहावी, जागेचे अक्षांश-रेखांश, तारीख आणि पाण्याची खोली नोंदवावी, दोन्ही तोंडे घट्ट बंद करून पाइप उभाच ठेवावा आणि शक्यतो थंड, अंधाऱ्या जागी साठवावा. बर्फात मात्र गोठवू नये, कारण गोठताना पाणी फुगते आणि थर विस्कटतात. असा गाभा वर्षभरानेही जवळच्या महाविद्यालयाच्या भूगोल किंवा भूशास्त्र विभागाकडे किंवा पुण्यातल्या-गोव्यातल्या संशोधन संस्थेकडे देता येतो आणि त्याचे परागकण, डायाटम आणि वय तेव्हाही तितक्याच भरवशाने काढता येते.